कमी दाखवणारा काटा

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्यावर तो अजून लटकून आहे. ताटलीएवढा गोल प्रेशर गेज, पितळी कडा, काचेला उजवीकडे तडा, आणि गळ्यात तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर बाबांच्या अक्षरात खिळ्यानं कोरलंय : 'कमी दाखवतो.' पोलादाच्या प्लांटमधून भंगारात निघाला तेव्हा बाबांनी रीतसर अर्ज करून, सही-शिक्का घेऊन तो घरी आणला होता. आई कपाळावर हात मारून म्हणाली होती, "लोकायनं भंगारातून पलंग बनवून आणले, अन् यायनं पाहा काय आणलं! ना पोळी भाजता येते, ना भात शिजवता येते."

दिवाळीआधी बाबा गेले. तेव्हा आले ती तेराव्यापुरती. आता पौषात सुट्टी काढून आले आहे, सेक्टर दोनचं हे क्वार्टर रिकामं करायला. चाव्या परवा द्यायच्या. सगळं सामान बांधून झालं, भांडी दिली, पलंग गेला, गाद्या गेल्या. रिकाम्या घरात माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येतो आणि उगाच दचकायला होतं. गेज तेवढा खिळ्यावरून काढायचा राहिलाय. तीनदा हात नेला आणि तीनदा परत आणला.

बाबा प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. प्लांटभर जे काटे फिरत असतात, दाबाचे, तापमानाचे, ते खरं बोलतात की नाही हे तपासायचं त्यांचं काम. तपासायचं, जेवढा फरक असेल तेवढा बिल्ल्यावर लिहायचा आणि बिल्ला काट्याच्या गळ्यात बांधायचा. मी तिसरी-चौथीत असेन. एकदा विचारलं, "बाबा, खोटं बोलणारा काटा तुम्ही फेकून कावून नाही देत?" बाबा सायकलच्या चेनला तेल घालत होते. हात न थांबवता म्हणाले, "काटा खोटा नाही बोलत बेटा. थो कमी बोलते, नाही तं जास्त बोलते. कोणाचं किती, हे आपल्याले माहीत असलं की झालं. फेकाचं कायले?"

आणि वाचायच्या आधी टिचकी. हे बाबांचं देवाला हात जोडण्यासारखं होतं. कुठलाही काटा वाचण्याआधी तर्जनीच्या नखानं काचेवर एक हलकी टिचकी मारायची. टक्. काटा कधी कधी आतल्या आत अडकून बसलेला असतो, टिचकीनं सुटतो आणि आपल्या खऱ्या जागी येतो. बाबा घरातल्या घड्याळालाही टिचकी मारत. सिव्हिक सेंटरच्या बाजारात पेढे घ्यायला गेलो तर दुकानदाराच्या तराजूला मारत, आणि मी लाजेनं अर्धमेली होई. दुकानदार मात्र हसून म्हणे, "आओ साहब, चेक कर लो."

त्या दिवसांचा वास सांगू? उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर बसलेल्या लाल धुळीचा, जी कितीही झटकली तरी उशीवर उरायचीच. हिवाळ्यात अंगणात पेटवलेल्या सुक्या पानांचा, आणि रविवारी सांबारवडीच्या तळणाचा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हे पुण्याच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगितलं. सकाळी भोंगा झाला की कॉलनीतून सायकली निघायच्या, आणि त्या शेकडो सायकलींचा मिळून एक आवाज व्हायचा. संध्याकाळी प्लांटच्या भट्टीतली धगधगती मळी ओतली की मरोद्याच्या बाजूचं आभाळ एकदम नारिंगी व्हायचं. आम्ही पोरं ओरडायचो, "ओतलं रे ओतलं!" दुसऱ्या गावची पोरं सूर्यास्त बघतात, आम्हाला रोज दोन मिळायचे.

घरात दोन मापं होती. एक बाबांचं आणि एक आईचं. बाबांचं माप सपाट चमच्याचं. चहाला दोन चमचे साखर, वरून बोट फिरवून सपाट केलेले. आई वर्ध्याकडची. तिचं माप म्हणजे चिमूट, मूठ, ओंजळ, पसा, आणि सगळ्यात लाडकं 'उलीसं'. उलीसं मीठ. उलीसं तिखट. उलीसं थांबा. "उलीसं म्हणजे किती?" बाबा चमचा घेऊन उभे. "माह्या हाताले समजते," आई म्हणे, "तुमच्या चमच्याले नाही समजत त्याले मी काय करू?" आणि वडी अशी व्हायची, की बाबा चमचा खाली ठेवून मुकाट्यानं ताटावर बसायचे.

आईचं 'उलीसं' तिच्या अंगालाही लागू होतं. ताप आला, उलीसा. पाय सुजला, उलीसा.

बाबांचं इंग्रजी प्लांटच्या जाडजूड मॅन्युअलांतून आलेलं. रशियन साहेबांच्या काळातली ती पुस्तकं. त्यात प्रत्येक गोष्टीला आकडा होता आणि प्रत्येक आकड्याला अधिक-उणे होतं. रविवारी अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली बसवून बाबा मला त्यातलंच शिकवत. त्यामुळे मला शाळेत 'माझी मांजर' धड लिहिता येत नसे, पण झडप कुठल्या दाबाला उघडायची ते इंग्रजीत घडाघड सांगता येई. बाबांना वाटे, इंग्रजी ही जगातली सगळ्यात काटेकोर भाषा आहे. बिचारे!

मग मी त्या भाषेच्या माहेरीच गेले. उत्तर इंग्लंडमधलं एक पावसाळी गाव, एका औषध कंपनीची लॅब. दुर्ग स्टेशनवर आई रडली, बाबा घड्याळ बघत राहिले. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजाला त्यांनी टिचकी मारली. मी तेव्हा हसले होते.

दर रविवारी फोन. इथे दुपार, तिथे सकाळ. बाबांनी नियम केला, की पहिली पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. मी कुरकुरले. बाबा म्हणाले, "उद्या नातवंडं होतील तं थे तिकडचंच बोलतील. मी त्यायच्याशी काय झडपीच्या भाषेत बोलू?" म्हणून त्यांना लोक बोलतात तसलं इंग्रजी शिकायचं होतं. शिकवणार मी. आणि मी तरी कुठे पारंगत होते? लॅबमधला फ्रीज बंद पडून आठवड्याभराचे नमुने वाया गेले, तेव्हा आमची मोठी बाई थंडपणे म्हणाली, "वुई हॅव अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम." मी समजले, थोडंसंच आहे, आणि निवांत चहा प्यायला गेले. परत आले तर सगळे माझ्याकडे बघतायत. त्यांच्यात 'क्वाइट गुड' म्हणजे तितकंसं चांगलं नाही, 'नॉट बॅड' म्हणजे उत्तम, आणि 'आय ॲम फाइन' म्हणजे देवालाच ठाऊक. हे सगळं बाबांना सांगितलं. मग बाबा इतके खूश झाले की इंग्रजीचा नियम विसरून ओरडले, "म्हणजे त्या अख्ख्या देशाचाच काटा कमी दाखवते म्हण की! अवो, ऐकलं काय?" मागून आई म्हणाली, "मग माह्यासारखेच हायेत."

बाबांनी वही केली. लॉगबुकसारखी, तपकिरी पुठ्ठ्याची, हे मला तेव्हाच माहीत होतं. शब्द ऐकला की विचारायचे, "थांब, लिहून राहिलो. 'लोड्स ऑफ' म्हणजे किती?" एकदा मी म्हटलं, टन्स ऑफ वर्क आहे. "टन?" बाबा गंभीर. "किती टन? तू लॅबमध्ये हाय का प्लांटच्या कोक ओव्हनले?" आम्ही दोघं इतकं हसलो की पाच मिनिटं तशीच संपली.

आणि एकदा मी म्हणून गेले, "आय ॲम कमिंग इन अ कपल ऑफ वीक्स." सहज म्हटलं होतं. तिथे सगळे म्हणतात. कपल म्हणजे दोन, असतील तीन, असतील पाच, जमलं तर. तिकीट काढलं नव्हतं, सुट्टीही मागितली नव्हती. पंधरवड्यानंतरच्या रविवारी आईनं फोन उचलला. बाबा घरी नव्हते.

"अवं, तू कुठं हाय?" आईचा आवाज घाबरलेला.

"इथंच, घरी. कावून?"

"यायनं तं चौदा दिवस मोजले. सकाळपासून दुर्गले जाऊन बसले तुले आणाले. चहाचा थर्मास नेला, वड्या नेल्या. तीन गाड्या पाहून झाल्या असतील आतापावेतो."

तेव्हा मोबाइल नव्हते. दिवसभर बाबा फलाटावर उभे होते. संध्याकाळी परत आले, वड्या शेजारच्या साहू काकींना दिल्या, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या रविवारी म्हणाले, "कपल ऑफ लिहून घेतलं मी. दोन ते सात धराचं." मी हसले, बापा, कशी हसले मी! ऑफिसात किस्सा म्हणून सांगितला. सगळे म्हणाले, सो स्वीट. आज या रिकाम्या घरात तो थर्मास मी वर्तमानपत्रात गुंडाळला, सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

मग आई गेली. काय झालं, कसं झालं, ते इथे उगाळत नाही. पोटात 'उलीसं' दुखतंय असं ती सहा महिने म्हणत होती, एवढंच सांगते. मी आले तेव्हा बाबा या दाराशी, गेजसमोर उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचा काटा कमी दाखवत होता. साऱ्या प्लांटचे काटे तपासले मी. अन् घरात इतकी वर्षं शेजारी बसून एक टिचकी मारली नाही."

रविवारचे फोन चालू राहिले. माझं लग्न झालं, मग मोडलं. नातवंडं आली नाहीत. तरीही बाबांनी पाच मिनिटांचा नियम सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही सोडू दिला नाही. कारण मला त्या पाच मिनिटांची सोय कळली होती. मराठीत 'एकटं वाटतं' म्हटलं असतं तर तिसऱ्या अक्षरावर रडू फुटलं असतं. इंग्रजीत 'अ बिट लोन्ली' म्हणता यायचं, हवा-पाण्याची बातमी दिल्यासारखं. अ बिट टायर्ड. काइंड ऑफ बिझी. नॉट टू बॅड. प्रिटी मच ओके. या इवल्या इवल्या शब्दांनी मी वर्षानुवर्षं माझी मूठ झाकून ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना? माझ्या मुठीत काहीच नव्हतं. एक खोली, एक हीटर, खिडकीबाहेर दुपारी चारलाच पडणारा काळोख, आणि रविवारची वाट बघणं.

बाबांना ते शब्द खरे वाटतात, असं मी धरून चालले होते. दोन म्हटलं की दोन मोजणारा माणूस. 'अ बिट' म्हटलं की अ बिटच लिहून घेणार. मला ते बरं वाटायचं, आणि त्याचाच रागही यायचा. एवढा तपासनीस माणूस, आणि पोटच्या पोरीचं त्याला कळू नये? पण मग मीच तर सांगत नव्हते. बाबा गेल्यापासून हेच माझ्या छातीवर बसलं होतं : माझा बाप मी सुखात आहे असं समजून गेला. म्हणजे शेवटपर्यंत आम्ही एकमेकांना भेटलोच नाही.

आज दुपारी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात वही सापडली. एक नाही, चार. एकीवर एक, सुतळीनं बांधलेल्या. प्लांटच्या लॉगबुकासारखेच रकाने आखलेले : दिनांक, वेळ, वाचन, दुरुस्ती, शेरा. इंग्रजी शब्दही देवनागरीत लिहिलेले, उच्चार विसरू नये म्हणून. पहिल्या वहीत नुसते शब्द आणि आकडे. लोड्स, कपल, क्वाइट. 'दुरुस्ती'चा रकाना कोरा. आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून तो भरलेला आहे.

मी तिथेच फरशीवर बसले. उजेड होता तोवर वाचत राहिले.

"वाचन : 'अ बिट टायर्ड.' आवाज घशातून. दुरुस्ती : पुष्कळ. शेरा : जेवण नीट नाही. सांडगे, तिळाची चटणी पाठवणे."

"वाचन : 'काइंड ऑफ कोल्ड.' दात वाजत होते. दुरुस्ती : पुष्कळ. शेरा : हीटर बंद असावा. लोकरीचे मोजे पाठवणे."

ते मोजे माझ्याकडे अजून आहेत. तेव्हा हीटर खरंच नऊ दिवस बंद होता, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. पार्सल आलं की मी म्हणायचे, म्हाताऱ्याला काही उद्योग नाही, पैसे घालवतो. आणि दर पार्सलच्या मागे एक रविवार होता. शितावरून भाताची परीक्षा करतात, ठाऊक होतं; पण समुद्रापलीकडच्या भाताची?

"वाचन : 'नॉट टू बॅड.' टिचकी मारली : जेवली काय? चार सेकंद गप्प. मग म्हणाली, हो. काटा हलला. दुरुस्ती : बरीच."

टिचकी! आता आठवलं मला. माझं इंग्रजीतलं उत्तर झालं की बाबा थोडं थांबायचे आणि मग मराठीत काहीतरी भलतंच विचारायचे. जेवली काय वं? खिडकीतून काय दिसून राहिलं? चपला कोणत्या घातल्या? मी वैतागायचे. म्हातारपण, दुसरं काय, म्हणायचे. ते माझ्या काचेवर नख वाजवत होते. मी कशी थांबते, श्वास कसा घेते, ते ऐकत होते.

आणि ते पान. मी मुद्दाम शोधलं, मला तो आठवडा पाठ आहे. नवरा सामान घेऊन गेला त्या रविवारी मी बाबांना हसत म्हटलं होतं, थिंग्ज आर अ बिट मेसी. पुढे काही नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, आडवेळी फोन वाजला. बाबा म्हणाले, "अरे, तुले लागला काय? मी तं साहूले लावून राहिलो होतो. नंबर चुकला वाट्टे." आणि मग चुकलेल्या नंबरवर पाऊण तास लिंबाच्या झाडाबद्दल बोलत राहिले. किती लिंबं लागली, कुठल्या फांदीला, किती गळली, साहू काकींनी किती नेली. मी जमिनीवर बसून ऐकत होते. त्या पाऊण तासानं मला त्या दिवशी उठवून उभं केलं, हे मी कधी कबूल केलं नाही. साहू काकींचं घर भिंतीला भिंत लागून आहे. त्यांना फोन कशाला लावायचा, हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

वहीत लिहिलंय : "वाचन : 'अ बिट मेसी.' दुरुस्ती : मोजता येत नाही. शेरा : बुधवारी फोन केला. कारण सांगितलं, नंबर चुकला."

जन्मात एकही आकडा चुकला नाही माझा बाप.

म्हणजे त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं! मी वही पोटाशी धरून मोठ्यानं रडले, रिकाम्या घराला काय लाज. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. खाली ठेवायला जागा नसलेलं ओझं कुणीतरी आधीच उचललेलं होतं.

मग शेवटचं पान उघडलं. उघडायला नको होतं, असं आता वाटतं. पण उघडलं नसतं तर माझ्यासारखी करंटी मीच.

शेवटचा रविवार. माझं वाचन होतं, 'ऑल गुड.' दुरुस्ती होतीच. आणि खाली, रकाने सोडून, आडवं, थरथरत्या अक्षरात : "आज तिनं विचारलं, बाबा कसे आहात. मी म्हटलं, काही नाही, उलीसं दमल्यासारखं वाटून राहिलं. तिनं टिचकी मारली नाही. बरं झालं. तिले सुट्टी नाही."

आईचा शब्द. बाबांनी तो आयुष्यात कधी वापरला नव्हता. चमचा घेऊन उभा राहणारा माणूस, तो 'उलीसं' म्हणाला, आणि मी म्हटलं, "रेस्ट घ्या मग." रेस्ट घ्या! लॅबमध्ये दिवसभर काचेच्या नळ्या तपासते मी, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते. बाबा थांबले होते उत्तरानंतर, मला आठवतं. फोनमध्ये एक शांतता होती. मी ती ऐकली, आणि मला वाटलं लाइन खराब आहे. गुरुवारी साहू काकींचा फोन आला.

'बरं झालं' या दोन शब्दांवर माझा राग आहे. कायले बरं झालं, बाबा? सुट्टी मागितली असती मी. विमानात उभी राहून आले असते. माझा काटा कमी दाखवतो म्हणून चार वह्या भरल्या, आणि स्वतःच्या गळ्यात बिल्ला बांधायचं तुम्हाला सुचलं नाही? पण ते तरी काय बांधतील? वाचणारीनं वाचायचं असतं. फरक वाचणाऱ्याला माहीत असावा लागतो, हे त्यांनी मला तिसरी-चौथीत सांगितलं होतं, सायकलच्या चेनला तेल घालता घालता.

फाटक वाजलं तेव्हा मी पायरीवर बसले होते. संध्याकाळ झाली होती. मरोद्याच्या बाजूला आभाळ नारिंगी झालं, आणि 'ओतलं रे' म्हणून ओरडायला कॉलनीत एक पोर नव्हतं. अर्ध्या क्वार्टरांना कुलपं आहेत. साहू काकी आल्या, डोक्यावरून पदर, हातात तांदळाच्या उकडीच्या फऱ्याची झाकलेली ताटली. आता त्याही वाकल्यात.

"फरा लाए हंव बेटी, गरम हे. कइसे हस?"

कशी आहेस म्हटल्यावर माझी जीभ सवयीनं पुढे सरसावली. "ठीक हूँ काकी. बस, थोड़ा सा अकेला लग रहा है."

काकींनी ताटली पायरीवर ठेवली. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, माझ्या शेजारी बसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, समोर लिंबाच्या झाडाकडे पाहत राहिल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "थोरकन माने कतका?"

थोडं म्हणजे किती.

टक्.

"गंज," मी म्हटलं. हा शब्द आमच्यातही आहे आणि त्यांच्यातही. गंज म्हणजे खूप, मापाबाहेर. "गंज, काकी. गंज एकटं वाटून राहिलं मले." मराठीतच बोलले सगळं. बाबांचं सांगितलं, फोनमधली शांतता सांगितली, त्या गावातल्या खोलीचं सांगितलं, वीस-बावीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. काकींना किती कळलं कोण जाणे. त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता, आणि ताटलीतला फरा गार होत होता.

काकी गेल्यावर मी आत आले. गेज खिळ्यावरून काढला. काढण्याआधी काचेवर नखानं टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही, म्हातारा झालाय तोही. तो माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला. मग चौथी वही उघडली आणि बाबांच्या आडव्या ओळीखाली, रकान्यात, माझ्या हातानं लिहिलं :

वाचन : गंज.

दुरुस्ती : लागत नाही.